सात नंबरची डिश

इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी मॅडम त्यावर बोटाने दोनदा टकटक करायच्या. आत फक्त पेशी वाढत असायच्या. नवीन मुलं तोंड दाबून हसायची. त्यांच्याकडे न बघताच मॅडम म्हणायच्या, "जिवंत आहेत ना? मग विचारून उघडावं."

बाई पक्क्या सदाशिव पेठेतल्या. काम आवडलं तर "ठीक आहे" म्हणायच्या, संतापल्या तर "अगदीच ठीक आहे". मी खडकीहून येणारा, त्यांच्या प्रयोगशाळेतला टेक्निशियन. पाच मिनिटं उशीर झाला की विचारायच्या, "काय कांबळे, खडकी आणखी लांब गेली का?" एकदा इन्क्युबेटरचा पंखा बंद पडला. कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता. "पेशींना सोमवार कळतो का?" म्हणून त्या स्वतः बुधवार पेठेतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात गेल्या आणि पंखा घेऊन आल्या.

त्यांचं संशोधन एका औषधावर होतं. ते कर्करोगाची गाठ घालवायचं, पण काही जणांचं हृदय थकवायचं. कोणाचं, हे आधीच कळावं म्हणून आम्ही धडधाकट माणसांच्या रक्तापासून हृदयाच्या पेशी वाढवायचो आणि त्यांवर औषध घालून बघायचो. त्या पेशी छोट्या चपट्या डिशमध्ये धडधडतात. तुम्ही ते पाहिलं असतं, तर तुमचाही हात नकळत छातीवर गेला असता. माझा गेला होता.

रक्त आम्हीच दिलं होतं, मॅडमनीसुद्धा. प्रत्येकाला नंबर दिला होता. नावांची वही माझ्या कपाटात असायची. काम संपेपर्यंत कोणाचा नंबर कोणता, हे कोणालाही सांगायचं नाही, मॅडमनाही नाही. हा नियम त्यांनीच केला होता. "नाव कळलं की आपले डोळे खोटं बोलायला लागतात," असं त्यांचं म्हणणं.

औषध घातल्यावर बाकीच्या डिश मंदावल्या आणि सावरल्या. सात नंबरची धडधड तिसऱ्या दिवशी बंद पडली. मॅडमनी पुन्हा दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच झालं.

"नाजूक आहे हो सात नंबर," त्या म्हणाल्या. "ज्याचा कोणाचा असेल, त्याच्यावर हे औषध घ्यायची वेळ न येवो."

मी मान हलवली. सात नंबर त्यांचाच होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बाई टुणटुणीत, तीन जिने न थांबता चढायच्या. उगाच कशाला घाबरवा, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय नियम होताच.

दिवाळीनंतर मॅडम रजेवर गेल्या. भाचीकडे नागपूरला जाते, एवढंच म्हणाल्या. खोदून विचारायची कोणाची छाती नव्हती. चार महिन्यांनी आल्या, तेव्हा डोक्याला रुमाल होता. पहिलाच जिना चढून त्या पायरीवर बसल्या. मी पाणी घेऊन धावलो.

"नागपूर वगैरे काही नाही. स्तनात गाठ होती," त्या धापा टाकत म्हणाल्या. "ती गेली. आता पायांना सूज येते."

"औषध कोणतं दिलं?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी दोन पर्याय ठेवले होते. मी म्हटलं, आमचंच द्या. ओळखीचं आहे."

मी वर गेलो, वही आणली आणि ते पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. चष्मा लावून त्यांनी सातव्या ओळीवर बोट टेकवलं. आता त्या मला फाडून खाणार, असं वाटलं. खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

"डिशमध्ये होतं ते माणसात होईलच असं नाही," त्या म्हणाल्या. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"नियम पाळलात, कांबळे. अगदीच ठीक आहे."

मॅडमना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या हृदयाने साथ सोडली. औषध न घातलेली सात नंबरची एक डिश मी अजून सांभाळतो. दिवसाआड तिच्यातलं पोषक द्रव बदलावं लागतं. मी दारावर दोनदा टकटक करतो, पण दार उघडायला हात लगेच धजत नाही. आत ती डिश धडधडत असते.