कॅप्टन बाहेर, खेळ चालू

फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. मी बटालियनच्या फुटबॉल टीममध्ये होतो हे कळल्यावर एचआरच्या साहेबांनी कंपनीची टीम माझ्या ताब्यात दिली.

पहिली शिफ्ट सुटली की कंपनीमागच्या मुरमाड प्लॉटवर प्रॅक्टिस. फॉल इन, दोन राउंड, मग पासिंग. सगळं माझ्या शिट्टीवर. एक शिट्टी, पास. दोन शिट्ट्या, पळा. कॅप्टन दत्ता प्रेस शॉपचा ऑपरेटर, मूळचा लातूरकडचा. एकदा म्हणाला, "सर, गोल मारायला किती शिट्ट्या?"

मी त्याला पाच राउंड दिले.

पहिल्याच मॅचमध्ये पाच गोल खाल्ले. बॉल पायात आला की पोरगा आधी माझ्याकडे बघायचा. तेवढ्यात समोरचा बॉल घेऊन पसार. साहेबांनी सरळ सांगितलं, "पुढची हरलात तर प्रॅक्टिस बंद. पोरं ओव्हरटाइमला बसतील."

चूक माझीच होती. फौजेत मी आधी असं शिकवत नव्हतो. तिथे दहा जणांच्या सेक्शनच्या ड्रिलमध्ये मध्येच ओरडायचं, "कमांडर कॅज्युअल्टी!" कमांडर जागेवर आडवा. पुढच्याने त्या क्षणी कमांड घ्यायची. एलओसीवर पोस्टिंग असताना मी हे माझ्या सेक्शनकडून रोज करून घेतलं.

एका पहाटे गस्तीवर असताना आमच्यावर फायर आला. माझ्या मांडीत गोळी लागली. सेक्शनमधल्या लान्स नायक सुभाषने वायरलेस सेट घेतला.

"चार्ली, चार्ली. कमांडर कॅज्युअल्टी. कमांड मैंने ली. ओव्हर."

आवाज प्रॅक्टिसमध्ये असायचा तसाच. त्याने मला आणि बाकी सगळ्यांना नाल्यापलीकडे काढलं. स्वतः शेवटी निघाला. पोहोचला नाही.

माझ्या जागी उभं राहायला त्याला मीच शिकवलं होतं. त्यानंतर मी कुणालाच ते शिकवलं नाही. शिट्टी तोंडातून काढलीच नाही.

साहेबांनी दम दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी शिट्टी घरी ठेवली. नवं ड्रिल असं: सात विरुद्ध सात. बॉल चालू असताना मी एकाचं नाव घेणार, "कॅज्युअल्टी!" तो खाली बसणार. खेळ थांबणार नाही. त्याची जागा कोण भरणार ते पोरांनीच ओरडून ठरवायचं.

आधी नुसता गोंधळ. एका जागेवर तिघे धावायचे. गोलकीपर म्हाळू चाकणजवळच्या शेतकरी घरातला. तो वैतागला.

"सर, आमी बोंबलायचं का खेळायचं?"

"दोन्ही."

"मंग ठीक हाय. बोंबलायला घरापासनं सवय हाय."

आठवड्याभरात प्लॉट दणाणायला लागला. मी दत्ताला खाली बसवलं आणि खेळ तसाच पुढे गेला. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही! मी लाइनीबाहेर एकटाच टाळ्या वाजवत होतो.

पुढच्या मॅचमध्ये एक-एक बरोबरी. शेवटची काही मिनिटं. दत्ताचा घोटा मुरगळला, त्याला उचलून बाहेर आणला. बदली खेळाडू संपले होते. मी उठलो, तोंड उघडलं. त्याआधीच म्हाळू गोलमधून ओरडला,

"संत्या, दत्त्याची जागा घे! बाकीचे म्हागं सरका! सरांकडं न्हाई, बॉलकडं बगा!"

मी खाली बसलो. विंगवरचा संतोष मध्ये घुसला, समोरच्याचा पास कापला आणि एकटा निघाला. दत्ता एका पायावर उभा, माझी मान आवळून. "मार! मार की राव!" संतोषने मारला. बॉल पोस्टला लागून आत! दत्ता नाचायला गेला आणि आम्ही दोघेही आडवे झालो.

मॅच जिंकली. प्रॅक्टिस वाचली. नंतर घोट्यावर बर्फ धरून दत्ताने विचारलं, "सर, असं खरंच झालंय का कधी? कमांडर पडला अन् दुसऱ्यानं सांभाळलं?"

"झालंय," मी म्हणालो, आणि सुभाषचं सगळं सांगितलं. आजवर घरीही बोललो नव्हतो. पोरं जवळ सरकून बसली.

म्हाळूनेच विचारलं, "फुटबॉल खेळायचे का वो ते?"

मग मला थांबवणं कठीण झालं. लेफ्ट आउट खेळायचा. उजवा पाय त्याला फक्त उभं राहण्यापुरता. बर्फ साफ केलेल्या हेलिपॅडवर तो सुटला की पकडायला कुणाची छाती नव्हती. गोल झाला की आधी माझ्याकडे धावत यायचा. मला वाटायचं, मिठी मारणार. जवळ येऊन म्हणायचा, "उस्ताद, बॉल जरा लवकर सोडत जा."