आण्णांचा पाला आणि माझी घाई

मंडळी, साताऱ्यातल्या एका दवाखान्याच्या बाकावर बसून हे लिहितोय. आत माझे थोरले चुलतभाऊ आण्णा आहेत.

मी कराडच्या कॉलेजात औषधी वनस्पतींचे अर्क तपासतो. रहिमतपूरला राहणारे आण्णा पायाच्या जखमेवर रानातला पाला वाटून लावायचे. झाडाला हात जोडल्याशिवाय पान तोडायचे नाहीत. त्यांचा पाला मी तपासायला घेतला. त्यात टॅनिन, म्हणजे जखम आवळून धरणारं तुरट द्रव्य, सापडलं, तसा आनंदानं फोन केला, "आण्णा, पाल्यात औषधी घटक हाय बरं का!"

जंतूंवरची चाचणी अजून व्हायची होती. ती आज पाहिली. काचेच्या बशीत अर्काच्या थेंबाला चिकटून जंतू दाट वाढले होते. पाल्यानं त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं.

लगेच फोन लावला. "आण्णा, दवाखान्यात जावा."

"आता कशाला रं? तूच म्हनलास औषध हाय. तवाच डॉक्टरकडं जायचं सोडलं. अंगठा जरा काळा पडलाय, एवढंच."

गाडी काढली आणि त्यांना इथं आणलं. अंगठा वाचेल का, डॉक्टर अजून सांगत नाहीत. आण्णा मात्र मलाच समजावतात, "तुझा काय दोष न्हाई गड्या."

पांडुरंगाकडं त्यांचा अंगठा मागतोय.

आपल्या माणसाला अर्धीच बातमी सांगायचा मोह तुम्ही कसा आवरता?