जाळ्याच्या धाग्यातली बोरमाळ

सीवूड्समधल्या एका नावाजलेल्या पेढीच्या शोरूममध्ये परवा आईची बोरमाळ उजळायला घेऊन गेले होते. काचेत जुन्या घडणीचे दागिने आणि आजचे नाजूक हिरे शेजारी शेजारी मांडले होते. काउंटरवरच्या मुलीने माळ उचलली. "मॅडम, ही नायलॉनमध्ये का ओवलीये? रेशमात मस्त ओवून देतो ना!"

तो हिरवा धागा पाहिला आणि मी माझ्या लग्नाच्या सकाळी जाऊन पोचले.

आई त्याच वर्षी गेली होती. तिची आठवण म्हणून घालायला घेतलेली ही माळ हातातच तुटली. सोन्याचे मणी टाइल्सवरून घरंगळत पलंगाखाली गेले आणि मी रडायलाच लागले. आम्हाला मासळी देणाऱ्या, करावे गावच्या कोळीण जनाकाकू आहेर घेऊन आल्या होत्या. नवी साडी खोचून त्या खाली बसल्या, सगळे मणी वेचले आणि बटव्यातून जाळं सांधायचा धागा काढला.

"रडतेस कशाला, पोरी? या धाग्यातना मासा सुटत नाय, तुजा मनी काय सुटनार?"

त्यांनी माझ्या मानेमागे गाठ मारली. बोटांना साबणाआडून बोंबलाचा वास येत होता. तेव्हा मला फोटोत धागा दिसेल याचंच टेन्शन होतं. आज वाटतं, आईने जिथे उभं राहायचं, तिथे त्या दिवशी काकू उभ्या होत्या.

"मग मॅडम, गाठ सोडू?"

"नको गं," मी म्हटलं. "अजून एकही मणी सुटलेला नाही."