चाळीस शिलिंगचे मतदार

रायपूरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. इंग्लंडमध्ये एके काळी काउंटीच्या निवडणुकीत मत कोणाला? तर ज्याच्या स्वतःच्या जमिनीचं वर्षाचं उत्पन्न निदान चाळीस शिलिंग, त्याला. पुढे कुळांनाही मत मिळालं, पण ते द्यायचं सगळ्यांदेखत, म्हणजे मालक म्हणेल त्यालाच. दरवर्षी मी त्या कुळांची यथेच्छ टिंगल करते. पोट्टे खिदळतात, मलाही चेव येतो.

राहते मात्र चौबे कॉलोनीत, चौथ्या मजल्यावर, भाड्याने. लिफ्ट दोन महिने बंद होती. आईचे गुडघे गेलेले, म्हणून तीही दोन महिने वरच कोंडलेली. संध्याकाळी खालच्या बाकावर चार बायकांत बसायचं, एवढीच तिची चैन.

सोसायटीने दुरुस्तीवर मतदान ठेवलं. मत फक्त घरमालकांना. अन् काय एकेक मालक, अहाहा! एक महाशय दुबईत. दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये नुसत्या जुन्या गाद्या. पण मत आहे बरं का! तळमजल्यावरच्या अध्यक्षांनी तर दुकानाचा एक गाळा तीन भाच्यांच्या नावावर तोडून तीन मतं पैदा केली. ही लबाडी इंग्लंडातही चालायची. रोज चार जिने चढणारे आम्ही भाडेकरू मात्र कोणीच नाही.

मग माझ्या घरमालकाचा नागपूरहून फोन आला. "ताई, माझं येणं होऊन नाही राहिलं. अधिकारपत्र पाठवतो, माझ्या वतीनं तुम्हीच हात वर करा. दुरुस्ती नको म्हणा, उगाच खर्च. अन् हो, पुढच्या महिन्यात आपला करारनामा संपून राहिला, नाही का?"

सभेत अध्यक्ष फ्लॅटच्या नंबरासकट मतं लिहून घेत होते. "दुरुस्ती नको, असं कोण कोण म्हणतं?" भाच्यांचे तीन हात वर गेले, आणखी काही गेले. माझाही गेला. थू तुझ्या शिक्षणावर, असं स्वतःलाच म्हणत गेला, पण गेला. दुरुस्तीचा ठराव एका मताने पडला.

वर आले तर आई दारातच उभी.

"काय झालं वो? लिफ्ट चालू होते का?"

"नाही. ठराव पडला."

"तू हात वर केला होता ना?"

"केला होता."

"मंग झालं," ती म्हणाली. "माह्यासाठी तू तरी उभी राहिली."

आणि भिंत धरत धरत माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.