पेडल बोटीच्या वेगाचं आरमार

मी समुद्रापासून दूर, हिंदी मुलखातल्या पिपलानीतला निवृत्त इंजिनियर. समुद्र पाहिला तो एकदाच, गणपतीपुळ्याला, तोही चपला हातात धरून. तरीही गेल्या हिवाळ्यात मी मराठ्यांचं आरमार सुधारायला घेतलं.

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून दर रविवारी सकाळी, फोन चालू ठेवून, ती तिथून आणि मी इथून कॉम्प्युटरवर एक ऐतिहासिक युद्धाचा खेळ खेळतो. ती घोडदळ घेऊन येते, मी हौसेने जहाजं बांधतो, आणि पोहे निवायच्या आत माझी राजधानी पडते. त्या खेळात जहाजांना कुणी विचारतच नाही. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, आता बोर होतंय. बंद करूया का?" खेळ बंद झाला तर रविवारची भेटही बंद होईल, याची मला धास्ती वाटली.

हे कबूल करायचं सोडून मी तिला आरमारावर व्याख्यान दिलं. इतिहासावर अन्याय होतोय, असंही म्हणालो. मग खेळाच्या फायली उघडून नियम बदलले: राजधानीचं धान्य समुद्रातूनच येणार, आणि बंदराची नाकेबंदी झाली की सैन्य उपाशी. राहता राहिला जहाजांचा वेग. कारखान्यातली खोड, मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही! आमच्या शहरातल्या मोठ्या तलावावर पेडल बोट घेतली, बायकोला घड्याळ देऊन शेजारी बसवलं. जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे मी स्वतःला आरमाराचा सरखेल समजू लागलो. परतताना पाय मारून मारून पोटऱ्या भरून आल्या, तरी बोट हातभरच सरके. शेवटी मोटरबोटवाल्याने दोर बांधून ओढत आणलं. "अंकल, हवा देख के जाया करो," तो म्हणाला. बायकोने घड्याळात बघून वेळ तेवढी सांगितली, ते जास्त लागलं.

दोर बांधण्याआधीचा परतीचा तो वेग मी खेळात जसाच्या तसा घातला.

पुढच्या रविवारी मुलीने घोडदळ सोडून माझ्या बंदराकडे जहाजं पाठवली, आणि ती रखडली. "बाबा, ये क्या है? पोचतच नाहीयेत!"

"खरं आरमार असंच असतं," मी ठोकून दिलं.

वाट बघता बघता ती बोलू लागली. ऑफिसातलं, घरमालकिणीचं, एकटीने जेवायला नको वाटतं तेही. हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

जहाजं अखेर पोचली, आणि तेव्हा लक्षात आलं की बंदरावर तोफा बसवायच्या मी विसरलोय. एक हल्ला, की खेळ खलास. तिने नांगर टाकला.

"मार की," मी म्हणालो.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली.

त्यानंतर बरेच रविवार गेले. तिची जहाजं तिथेच उभी आहेत आणि आम्ही बोलत बसतो. नाकेबंदीने माझं सैन्य उपाशी मरेल म्हणून तो नियम मी गुपचूप काढून टाकला. तोफा मात्र अजून बसवलेल्या नाहीत.