दहा सेंटीमीटरवर दोन आवेश

मराठीत फिजिक्स विचारलं की एआय नापास होतं, असा शोध आमच्या घरात लागला होता. चार दिवस टिकला.

माझी मुलगी मृणाल बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट असा, की विजेवरचे वीस प्रश्न एआयला आधी इंग्रजीत, मग मराठीत विचारायचे आणि मार्क द्यायचे. तिला मराठी समजतं, लिहिता येत नाही.

"पप्पा, अनुवाद आप कर दो ना."

मी इथे हिंदी मुलखात, खमरियाच्या कारखान्यात नोकरीला, मराठी मंडळाचा सेक्रेटरी, वर बीएस्सी. नाही कसं म्हणणार? शिकलो मात्र हिंदीतून, म्हणून चार्जला सगळीकडे 'आवेश' लिहिलं. (शब्दकोशात 'प्रभार' दिसला होता. पण प्रभार म्हणजे साहेब रजेवर गेले की मी घेतो तो.)

प्रश्न गेला: 'दोन सारखे आवेश दहा सेंटीमीटरवर आहेत. काय होईल?'

उत्तर आलं: 'दोघेही इतक्या जवळ आवेशात असतील तर भांडण वाढेल. आधी त्यांना लांब करावे.'

"शून्य," मृणाल म्हणाली.

"काहून?" बायको कणीक मळता मळता म्हणाली. "सारखे असले की लांबच पळतात ना?"

इंग्रजीत अठरा, मराठीत पाच. प्रोजेक्टच्या मॅडम खूश. सोमवारी सगळ्या कॉलेजसमोर मांड म्हणाल्या.

गुरुवारी मी गुपचूप एआयलाच विचारलं, असं काहून? ते नम्रपणे म्हणालं, 'मराठीत आवेश म्हणजे जोश. आपल्याला प्रभार म्हणायचं आहे का?'

मी लॅपटॉप मिटला आणि भाजी आणायला गेलो. मृणाल भाषणाची तयारी करायला बसली की मी भाजीला. रविवारपर्यंत घरात पत्ताकोबीचे नऊ गड्डे जमले.

"अहो, इतकी कोबी काहून आणून राहिले?"

तिथे मी फुटलो. "मृणाल, उद्या काही मांडू नको. चूक त्याची नाही, माझी आहे."

"अच्छा," एवढंच ती म्हणाली. शब्द बदलून प्रश्न पुन्हा विचारले. मराठीतही सतरा. मग तिने तोच पेपर माझ्यापुढे ठेवला. "अब आप."

मला चार पडले.

"पप्पा, बीएस्सी झालात कसे?"

"पुरवणी परीक्षेत," मी म्हणालो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, बायकोलाही हे तेव्हाच कळलं.

सोमवारी मृणालच्या तक्त्यात तिसरा रकाना होता. माझी अब्रू राखायला तिने नाव घातलं नाही, नुसतं 'मॉडेल दोन' लिहिलं.

मॅडमनी चार मार्क पाहिले आणि म्हणाल्या, "बेटा, यह मॉडल बहुत पुराना है. इसका नया वर्जन आया होगा, देख लो."