शेवटचा पेपर होईपर्यंत

तात्यांनी जागा विकायची ठरवली तेव्हा आधी काय केलं, तर घराला रंग दिला. इंदापूरच्या अलीकडं हायवेला लागून अडीच एकर, मधोमध घर, भोवती चिकू, पेरू, नारळ. तात्या शाळेतून रिटायर झालेले, मुलं परदेशात. एकट्यानं सांभाळणं होईना.

आम्ही दोघं बीडकडून ऊसतोडीला आलेलो, पोरगी कडेवर. तात्यांनी ठेवून घेतलं. नवरा झाडं बघायचा, मी स्वयंपाक. विहिरीजवळच्या खोलीत चौदा वर्षं राहिलो. माझी शाळा सहावीतच सुटली. पोरीला त्यांनीच शाळेत घातलं, गणित शिकवलं. ते मी विसरत नाही.

गिऱ्हाईकं यायची. मी हॉल पुसून चहा ठेवायची, पण आत कुणी येत नव्हतं. गाडीतून उतरून रस्त्याकडची बाजू पावलांनी मोजायचे, फाटकातूनच झाडं किती पाडावी लागतील ते विचारायचे. शेवटी बारामतीच्या प्लॉटिंगवाल्याशी ठरलं. तो म्हणाला, "तात्या, घर झकास हाय. पाडायला दोन दिवस लागत्याल." तात्या हसले. मीपण हसले, मग वाईट वाटलं.

आमच्या सहीशिवाय तो पैसे सोडायला तयार नव्हता. त्याच्या एजंटानं कागद टाईप करून आणायचं ठरलं: आमचा काही हक्क नाही, आठ दिवसांत खोली सोडतो. डिसेंबर चालू होता आणि पोरगी दहावीला. शेजारच्या मळ्यातले आबा म्हणाले, "सही करू नगंस. चौदा वर्षं कब्जा हाय तुमचा. अर्धा एकर माग." मला दोन्हीची भीती. शाळा सोडून पोरीला न्यायचं कुठं, आणि तात्यांच्या विरोधात उभं राहायचं कसं?

सहीच्या दिवशी तात्या म्हणाले, "आधी वाच." मी बोट ठेवून वाचू लागले. एजंट घड्याळ बघत होता.

"वहिनी, नुसती सही करायचीय. पाठ न्हाय करायचं."

'आठ दिवसांत' आलं तिथं मी थांबले. "एवढं बदला. पोरीचा शेवटचा पेपर होईपर्यंत ऱ्हाऊ द्या."

"न्हाय वो, परत टाईप करावं लागंल."

तात्यांनी पेन घेतलं, ते शब्द खोडले, बाजूला माझं म्हणणं लिहिलं, सही केली आणि कागद एजंटापुढं सरकवला. त्यानं प्लॉटिंगवाल्याला फोन लावला, मग केली सही. नंतर आम्ही दोघांनी.

आबांना कळलं तेव्हा म्हणाले, "येडी हायस का? एवढ्या जाग्यात नुसती परीक्षा मागितलीस व्हय?"

जानेवारीत तात्या पुण्याला बहिणीकडं गेले आणि घर पडलं. मग झाडं. धूळ नको म्हणून खोलीचं दार लावून पोरगी अभ्यास करायची. एजंट आला की विचारायचा, "किती ऱ्हायलं?" पुढंपुढं त्याला वेळापत्रक पाठ झालं. "उद्या भूमिती, न्हाय का?"

शेवटच्या पेपरला सकाळपासून जेसीबी दाराशी उभा. ड्रायव्हरनं चहा मागितला, मी दिला. पोरगी परत आली तेव्हा सामान टेम्पोत चढलं होतं. ती उंबऱ्यातून आत बघून आली आणि टेम्पोत बसली.

आता आम्ही भिगवणला असतो. मी मच्छीच्या हॉटेलात भाकरी करते. नवरा कधीकधी म्हणतो, जमीन मागायला पाहिजे होती. असेल. पोरीचा निकाल अजून लागायचा आहे.